आहेर नको, स्पंज आणा

गॅलरीतल्या दोरीवर, दोन टॉवेल आणि उशांच्या अभ्र्यांच्या मध्ये, फिल्टरचे सगळे स्पंज चिमटे लावून वाळत घातलेले होते. खाली जुन्या सुती साडीवर सिरॅमिकच्या रिंग्ज पसरल्या होत्या, उन्हाळ्यात सांडगे पसरतात तशा. घोडबंदर रोडचं दुपारचं ऊन त्यांच्यावर छान पडलं होतं.

"किती घाण होती हो त्यात," सुमनकाकू म्हणाल्या. "साबण नाही लावला हं. माशाला चालत नाही, एवढं मला कळतं. मोठ्या पातेल्यात उकळून काढले. दोनदा."

मी एकविसाव्या मजल्यावरच्या त्या गॅलरीत कठडा धरून उभा राहिलो. आत हॉलमध्ये, सहा फुटी नव्या टँकमध्ये, बंड्या नावाचा म्हातारा मासा तळाशी बसला होता. त्याला इतकी वर्षं जिवंत ठेवणारी यंत्रणा माझ्यासमोर दोरीवर कडकडीत वाळत होती.

यात एवढं काय बिघडलं ते कळायला थोडं मागे जावं लागेल.

मी मूळचा सांडपाण्यातला माणूस. डोंबिवली एमआयडीसीतल्या एका केमिकल कारखान्यात ईटीपी सांभाळायचो. ईटीपी म्हणजे कारखान्याचं घाण पाणी बाहेर सोडण्याआधी स्वच्छ करायचा विभाग. पुढे कारखाना गुजरातला गेला आणि मी कल्याणला राहिलो. आता लोकांच्या घरातल्या मोठ्या फिशटँकचे फिल्टर डिझाइन करून देतो. माझी बायको मंजिरी म्हणते, "आधी कारखान्याची घाण, आता माशाची घाण. प्रमोशन कुठे दिसत नाही." शास्त्र मात्र खरोखरच एक आहे.

सावंतांचं काम निखिलकडून आलं. निखिल सावंत, आयटीवाला, घोडबंदर रोडला नवा फ्लॅट. त्याचे आईवडील डोंबिवली पूर्वेला एका जुन्या सोसायटीत राहत होते. ती बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला चालली होती. सगळे बिऱ्हाडकरू पांगायला लागले होते. काका वीज मंडळातून निवृत्त झालेले. त्यांना डोंबिवली सोडायची नव्हती, पण राहतं घरच पाडणार म्हटल्यावर बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं.

"सर, बाबांनी सगळ्याला हो म्हटलं," निखिल फोनवर म्हणाला. "कपाट सोडलं, झोपाळा सोडला. अट एकच, बंड्या येणार. मग मी म्हटलं, येऊ दे ना, पण त्या चार फुटी डबड्यात नको. हॉलमध्ये मोठा टँक करू. एकदम हॉटेलच्या लॉबीसारखा. आणि तो वेव्हमेकर असतो ना, समुद्रासारखं पाणी हलतं, तो पण लावू."

मी म्हटलं, आधी माशाला भेटतो. टँक जो वापरणार त्याला विचारल्याशिवाय मी आकडे मांडत नाही.

बंड्या हा ऑस्कर जातीचा मासा. जेवणाच्या ताटलीएवढा, काळपट अंगावर निखाऱ्यासारखे नारिंगी डाग, आणि डोळा असा की तो माणसाकडे बघतो. बाकीचे मासे काचेकडे बघतात. मी समोर जाऊन बसलो तर त्याने शांतपणे वळून माझ्याकडे शेपूट केलं.

"मनाला लावून घेऊ नका, प्रधानसाहेब," सावंतकाका म्हणाले. "आमच्या सुनेकडे वर्षभर असाच वळून बसायचा."

"अजून बसतो," आतून काकूंचा आवाज आला.

मग काकांनी टँकच्या कडेवर नुसती बोटं ठेवली. तो अख्खा मासा वर आला, पाण्याबाहेर नाक काढून थांबला, आणि काकांनी दोन बोटांनी त्याच्या कपाळावर खाजवलं. मी अनेक घरांत अनेक टँक पाहिले आहेत. असा लाडात आलेला ऑस्कर पहिल्यांदा पाहिला. काका माझ्याकडे न बघता म्हणाले, "तिकडे सगळं नवीन असणार. निदान सकाळी हा असला की झालं."

त्या दिवशी घरी जाताना मला कळलं होतं की हे लॉबीचं काम नाही.

आता थोडं फिल्टरबद्दल. मासा पाण्यातच खातो आणि पाण्यातच बाकीचं सगळं करतो. त्यातून अमोनिया तयार होतो. तो माशाच्या कल्ल्यांना जाळतो. पाणी दिसायला काचेसारखं स्वच्छ आणि तरी विषारी, असं होऊ शकतं. लोकांना वाटतं फिल्टर म्हणजे गाळणी. गाळणी हे त्याचं किरकोळ काम. खरं काम जिवाणू करतात. ते अमोनिया खातात आणि त्याचं माशाला सोसेल असं काहीतरी करतात. त्यांना चिकटून राहायला जागा लागते. स्पंज आणि सिरॅमिकच्या रिंग्ज म्हणजे त्यांच्या खोल्या. आमच्या धंद्यात याला मीडिया म्हणतात. जुना स्पंज हातात घेतला की तपकिरी, बुळबुळीत लागतो. ती घाण वाटते. ती वस्ती असते.

कारखान्यात माझ्याकडे यांच्याच भाऊबंदांनी भरलेली विहिरीएवढी टाकी होती. रोज सकाळी मी तिच्या कठड्यावरून वाकून बघायचो. तपकिरी फेस, ओल्या मातीसारखा वास. दिसत काहीच नाही, आणि आत इतके जीव की मोजायला बसलो तर पेन्शन संपेल. वर्षानुवर्षं पगार मी घेतला, काम त्यांनी केलं. त्यांच्याबद्दल बोलताना आवाज आपोआप खाली येतो, तो अजून तसाच येतो.

तर निवड. निखिलला कॅनिस्टर हवा होता. हा बंद डबा असतो, टँकखालच्या कपाटात बसतो, दिसत नाही, आवाज नाही.

"सर, सगळे हाच सजेस्ट करतात. क्लीन दिसतो."

"मासा केवढा आहे पाहिलंस ना? ऑस्कर म्हणजे खाणारा आणि तेवढंच टाकणारा. हा डबा दर थोड्या दिवसांनी तुंबेल. उघडून साफ कोण करणार?"

"बाबा करतील."

"बाबांचे गुडघे?"

मी सम्प सुचवला. सम्प म्हणजे टँकच्या खाली आणखी एक काचेची टाकी. वरच्या टँकमधलं पाणी काठावरच्या जाळीतून आपोआप खाली पडतं, आधी स्पंजमधून जातं, मग रिंग्जमधून, आणि शेवटच्या कप्प्यातला पंप ते परत वर पाठवतो. उघडं असतं. वरचा गाळणीचा मळका कापूस हाताने उचलून बदलता येतो, खुर्चीवर बसूनही जमतं. जागा मात्र जास्त खातो.

"त्या कपाटात प्रियाचे शूज येणार होते," निखिल म्हणाला.

"एक काहीतरी ठरवा."

शूज हरले. सूनबाई माझ्याशी त्यानंतर थोड्या कोरड्याच वागल्या. हल्ली कुठे पुन्हा बोलायला लागल्या आहेत.

मग पंप. डब्यावर छापलेला आकडा आणि मोटरसायकलच्या जाहिरातीतलं मायलेज, दोन्ही सारखेच. पंपाला पाणी उंच चढवायला लागलं की दम लागतो. त्या उंचीला आम्ही हेड म्हणतो. तासाला चार हजार लिटर लिहिलेला पंप खालच्या कपाटातून वरपर्यंत ढकलताना जेमतेम पाऊण काम करतो, पाइपला वळणं दिली की आणखी कमी. टँकचं सगळं पाणी तासाभरात चार-पाच वेळा फिल्टरमधून फिरून यावं असा माझा हिशोब होता, आणि तो डब्यावरच्या आकड्यावर न करता प्रत्यक्ष बादली भरून, घड्याळ लावून करायचा.

निखिलने व्हिडिओ बघितले होते. "दहा पट पाहिजे म्हणतात, सर."

तेव्हा काका पहिल्यांदा मध्ये बोलले. "अरे, त्याचं वय झालंय. जोराच्या धारेत चोवीस तास उभं करणार का त्याला? मला सकाळच्या गाडीत एवढी वर्षं उभं राहून काय झालंय ते बघतोयस ना."

अडचण खरी होती. घाण जास्त म्हणून पाणी भरपूर फिरायला हवं, आणि मासा म्हातारा म्हणून धार नको. यावर उत्तर झारीत सापडलं. नळाची धार रोपाचं मूळ उघडं करते, तेच पाणी झारीतून पडलं तर पानसुद्धा हलत नाही. मी टँकच्या मागच्या भिंतीला आडवा लांब पाइप दिला आणि त्याला ओळीने भोकं पाडली. पाणी तेवढंच, पण पसरलेलं. वेव्हमेकर रद्द. निखिलने तो ऑर्डर केला होता, तो परत पाठवताना त्याचा चेहरा बघवत नव्हता.

मासा यायच्या आधी टँक गळतो का बघायला एकदा भरतातच. त्या भरलेल्या पाण्यात मी माझी एक तपासणी करतो. काचेच्या आत पाणी कुठून कुठे जातं ते डोळ्यांना दिसत नाही. आणि जिथे ते फिरत नाही त्या कोपऱ्यात विष्ठा साचून कुजते. म्हणून मी सब्जा वापरतो. फालुद्यातलं बी. भिजलं की फुगतं, पाण्याएवढंच जड होतं आणि पाणी नेईल तिकडे जातं. मंजिरीच्या फ्रिजमधला सब्जा नेहमी का संपतो याचा तिला आता संशय येत नाही, खात्री आहे.

त्या संध्याकाळी सगळं कुटुंब सोफ्यावर बसलं होतं. टँकचे दिवे लावले. मी वाटीभर भिजलेला सब्जा मागच्या पाइपजवळ सोडला.

आधी काळ्या ठिपक्यांचा एक ढग झाला. मग तो हळूच उलगडला. ठिपके वरच्या थराने पुढच्या काचेपर्यंत आले, काचेवरून खाली उतरले, वाळूच्या अंगाने मागे गेले आणि पुन्हा वर चढले. एक मोठं, सावकाश फिरणारं चाक. प्रत्येक बीभोवती त्याचा पारदर्शक गोळा होता आणि त्यावर दिवा चमकत होता. आतापर्यंत तिथे काच होती आणि रिकामेपणा होता. एकाएकी पाणी दिसायला लागलं. सूनबाईंनी हातातला मोबाइल उलटा ठेवला. मी स्वतः हे पूर्वी पाहिलेलं असूनही वाटी धरून नुसता उभा होतो.

"हे असंच चालू असतं होय आत," काकू म्हणाल्या.

"कायम," मी म्हटलं. "फक्त आपल्याला दिसत नाही."

डाव्या कोपऱ्यात, दगडामागे, थोडा सब्जा जमून बसला. म्हणजे तिथे पाणी अडत होतं. दगड वीतभर पुढे घेतला, पाइप जरा वळवला, आणि तेही बिऱ्हाड उठलं. मग ते पाणी काढून टाकलं.

एवढं सगळं केल्यावर शेवटचं काम सोपं होतं. नवा फिल्टर कितीही भारी असला तरी सुरुवातीला ओसाड असतो. जिवाणू वाढायला महिना-दीड महिना लागतो. म्हणून जुन्या टँकमधले स्पंज आणि रिंग्ज तसेच्या तसे, त्याच पाण्यात बुडवून आणायचे आणि नव्या सम्पमध्ये ठेवायचे. वस्ती हलली की काम त्याच दिवशी चालू. हे मी निखिलला एका व्हॉइस नोटमध्ये समजावलं. ती व्हॉइस नोट बरीच लांब झाली. त्यात ईटीपीतल्या दोन आठवणीही होत्या. निखिलने उत्तरादाखल अंगठा पाठवला.

सामान हलवायच्या दिवशी बंड्या निळ्या ड्रममधून आला, आणि टेम्पोच्या मागे, ड्रमला हात लावून, काका आले. माणकोलीच्या पुलावर खड्ड्यांवरून टेम्पो उडत होता तेव्हा ते माशाशी बोलत होते, असं ड्रायव्हरने मला नंतर सांगितलं. मासा सुखरूप टँकमध्ये गेला. मी दुपारी स्पंज लावायला पोचलो.

आणि ते दोरीवर होते.

कारण दुसऱ्या दिवशी वास्तुशांत होती. नव्या घरात नवी केरसुणी, नवी परात, कलश घासूनपुसून लख्ख, आणि बादलीभर काळं पाणी? काकूंनी ते घरात कसं घेतलं असतं. कुठल्याही नीटनेटक्या बाईने केलं असतं तेच त्यांनी केलं. नातवाच्या बाटल्या उकळतात तसं, मायेने, दोनदा उकळलं.

"काही चुकलं का?" त्यांनी विचारलं. माझा चेहरा बहुतेक सांगत होता.

मी व्हॉइस नोटवाली भाषा सुरू केली. जिवाणू, अमोनिया, कॉलनी. काकू नम्रपणे ऐकत होत्या, म्हणजे त्यांना काही कळत नव्हतं. मग मला त्यांच्या ओट्यावर झाकून ठेवलेलं दह्याचं पातेलं दिसलं.

"काकू, समजा, तुम्ही विरजण घेतलं आणि दुधात घालायच्या आधी ते उकळलं."

त्यांना कळायला एक क्षणही लागला नाही. त्यांनी दोरीकडे पाहिलं, मग आत टँककडे, मग प्लास्टिकच्या स्टुलावर बसल्या.

"मेलं सगळं?"

"मेलं."

"आणि तो?"

काका दारात येऊन उभे होते. त्यांनी ऐकलं होतं. मी म्हटलं, आज काही होणार नाही, टँक मोठा आहे. पण उद्या-परवापासून अमोनिया चढायला लागेल. एरवी रोज निम्मं पाणी बदललं असतं. पण त्यांच्या सोसायटीत पाणी टँकरचं, आणि त्या आठवड्यात सकाळ-संध्याकाळ तासभर. दुकानात बाटलीतले जिवाणू मिळतात, पण बाटली किती उन्हात पडली होती ते कळायला मार्ग नसतो. एखाद्या दुकानातल्या टँकचा स्पंज आणावा तर तिथे रोज नवे मासे येतात, रोगही सोबत येतात. तरण्या माशावर मी तो जुगार खेळलो असतो. याच्यावर नाही.

काका आत गेले. टँकसमोर जाऊन त्यांनी कडेवर बोटं ठेवली. बंड्या वर आला नाही. नव्या जागी ऑस्कर रुसतात, कुशीवर पडून राहतात, हे मला माहीत होतं, आणि मी ते सांगितलंही. काकांनी मान हलवली आणि बोटं तिथेच ठेवली.

"मग शेजारून आणायचं," काकू म्हणाल्या.

"काय?"

"विरजण मेलं तर शेजारून आणतात. आमच्या डोंबिवलीच्या बिल्डिंगमध्ये काय कमी टँक आहेत? ह्यांनीच नाद लावलाय सगळ्यांना. अहो, थत्त्यांकडे मासे मरायचे तेव्हा तुम्ही काय दिलं होतं त्यांना?"

काका वळले. "आपल्या स्पंजचा तुकडा."

"आणि नाईकांच्या मिलिंदला?"

"त्यालाही. आणि तळमजल्यावरच्या शेख मास्तरांना. त्यांच्याकडून पुढे त्यांच्या जावयाला गेला, कोपरीला. जो नवीन टँक घेईल त्याला देत होतो. पहिल्या आठवड्यात मासे मरतात हो, मुलं रडतात."

मी हळूहळू खाली बसलो. बंड्या सावंतांकडे आला त्याआधीपासून काका हे करत होते. दोरीवर जे वाळत होतं त्याची पिलावळ डोंबिवलीत, कल्याणात, ठाण्यात, कुणाकुणाच्या टीव्हीशेजारी, पंपाच्या बारीक घरघरीत आपलं काम करत बसली होती. कारखान्यात आमचा प्लँट एकदा बंद पडला होता तेव्हा आम्ही शेजारच्या कारखान्याकडून टँकरभर गाळ उसना आणला होता. त्यासाठी दोन मॅनेजरांच्या सह्या लागल्या होत्या. इथे काकूंनी नुसता फोन उचलला.

"हॅलो, थत्तेवहिनी? उद्या येताय ना? हो, साडेदहाचा मुहूर्त. आहेर-बिहेर काही आणू नका. एक काम करा, तुमच्या फिशटँकमधल्या स्पंजचा तुकडा आणा. धुवायचा नाही. अजिबात नाही. हो, तसाच घाण. त्याच पाण्यात, डब्यात. अहो, मी बरी आहे. उद्या सांगते सगळं."

फोनमागून फोन झाले. प्रत्येक फोनमध्ये "मी बरी आहे" हे वाक्य होतं.

दुसऱ्या दिवशी मी लवकर पोचलो. टँकच्या पाण्याची तपासणी केली. काचेच्या नळीत पाणी घेऊन थेंब टाकायचे. पिवळं राहिलं तर ठीक, हिरवं झालं तर अमोनिया. पिवळ्यात पोपटी झाक दिसत होती. बंड्या तळाशी कुशीवर, रंग उतरलेला, कल्ले जोरात हलत होते. काका आंघोळ करून, सोवळं नेसून त्याच्यासमोर बसले होते. यजमान तेच होते आणि गुरुजी त्यांना दोनदा पाटावर बोलावून गेले होते.

होम हॉलमध्येच होणार होता. म्हणजे धूर. पाण्यात हवा सोडणारा छोटा पंप खोलीतलीच हवा ओढतो, म्हणजे गोवऱ्यांचा धूर थेट पाण्यात. मी पंप उचलून गॅलरीत ठेवला आणि नळी दाराच्या फटीतून आत घेतली. गुरुजींनी बघितलं आणि विचारलं, "हे काय विधीतलं आहे?"

"माझ्या विधीतलं," मी म्हटलं.

"मग तुमचं चालू द्या."

आणि लोक यायला लागले. लिफ्टचं दार उघडायचं आणि आतून पैठण्या, नथी, कडक इस्त्रीचे झब्बे, आणि प्रत्येकाच्या हातात, अंगापासून जरा लांब धरलेला, एक डबा. स्टीलचे डबे, श्रीखंडाचे डबे, एका आजोबांचा झाकणाचा कमंडलू. मी दारात उभा राहून सगळ्यांची उलटतपासणी करत होतो.

"नवीन मासे कधी आणले? पांढरे ठिपके दिसले का कुणाच्या अंगावर? औषध घातलंत का पाण्यात?"

"अहो, आत तरी येऊ द्या," थत्तेवहिनी म्हणाल्या. "पासपोर्ट ऑफिसात एवढं विचारत नाहीत."

शेख मास्तरांचे जावई कोपरीहून स्कूटरवर आले. त्यांनी बॅटरीवरचा हवेचा पंप लावलेली छोटी बादली आणली होती. "अब्बूंनी सांगितलं, काकांचीच अमानत आहे, दम घुटायला नको," ते म्हणाले. मिलिंद नाईक आता कल्याणला भाड्याने राहायला गेला होता. त्याने अर्धा नाही, पूर्ण स्पंज आणला. मी म्हटलं, अरे, तुझे मासे? तो म्हणाला, "माझे दोन गप्पी आहेत, साहेब. त्यांना चहाची गाळणी पुरते."

एकजण मात्र स्पंज साबणाने धुऊन घेऊन आला. काकूंनीच त्याला दारात अडवलं आणि विरजणाचं सगळं भाषण दिलं. माझ्यापेक्षा खूपच थोडक्यात.

आत मंत्र चालू होते. मी सम्पच्या कपाटात डोकं घालून, पितांबर नेसलेल्या पायांच्या गर्दीत, एकेक स्पंज ओळीने लावत होतो. प्रत्येक डबा उघडला की तोच वास यायचा. ओल्या मातीचा. वेगवेगळ्या घरांतला, वेगवेगळ्या नळांच्या पाण्यातला, आणि तरी एकच. मला तो कारखान्याच्या टाकीपासून ओळखीचा आहे. पण तिथे तो माझा होता, पगाराचा भाग होता. इथे इतकी माणसं आपापल्या घरातला थोडा थोडा घेऊन, पुलांवरून आणि ट्रॅफिकमधून, सांभाळून घेऊन आली होती, आणि तो मुळात ज्याच्याकडून निघाला त्याच्याच घरात परत चालला होता. हात ओले असल्यामुळे मला चष्मा पुसता येत नव्हता, एवढंच सांगतो.

गुरुजींना डब्यांची रांग दिसली. "नैवेद्याचे का?"

"नाही, गुरुजी," काकू म्हणाल्या. "माशाचे."

गुरुजी अनुभवी होते. पुढचा मंत्र लागलीच सुरू केला.

त्या दिवशी माशाला खायला घालायचं नाही असं मी सांगून गेलो. दुसऱ्या दिवशी पाणी तपासलं. पोपटी झाक तशीच होती, पण वाढली नव्हती. हे चांगलं लक्षण. वाढली नाही म्हणजे कुणीतरी खायला लागलं होतं. त्याच्या दुसऱ्या दिवशी निखिलने मला नळीचा फोटो पाठवला. पिवळी. मला खात्री वाटेना, म्हणून मी मुद्दाम गेलो. घोडबंदर रोडला त्या दिवशी इतकं जाम होतं की स्कूटर बंद करून ढकलली असती तरी तेवढाच वेळ लागला असता.

पाणी पिवळंच होतं. नळी दिव्यासमोर धरून मी बराच वेळ बघत बसलो. इतका मोठा मासा, आणि त्याच्या अंगातून निघणारं विष त्या सम्पमधल्या मळक्या तुकड्यांवर, दिसत नाही असं कुणीतरी, न थांबता खात होतं.

काका टँकसमोरच होते. बंड्या तळ सोडून वर आला होता. मागच्या पाइपमधून येणारा प्रवाह जिथे अगदी मऊ होतो, टँकच्या मध्याच्या जरा उजवीकडे, तिथे तो त्याच्याकडे तोंड करून थांबला होता. पंख जेमतेम हलत होते. पाणी त्याला धरून ठेवत होतं आणि तो पाण्याला. ज्या जागेवर मी कागदावर बाण काढले होते ती हीच जागा. पण बाण काढताना तिथे कुणी असा उभा राहील हे मला दिसलं नव्हतं.

काकांनी कोळंबीचा तुकडा बोटांत धरला आणि हात पाण्यात घातला. बंड्याने आधी बघितलं. मग पुढे आला आणि तुकडा घेतला.

"खाल्लं का?" आतून काकूंनी विचारलं.

"खाल्लं," काका म्हणाले. आणि खुर्ची ओढून सकाळचा पेपर उघडला. तो दुपारचे चार वाजले तरी वाचायचा राहिला होता.

या सगळ्यातून मी कामाची पद्धत थोडी बदलली आहे. नवीन ग्राहक आला की पंप, पाइप, मीडिया, हेड सगळं पूर्वीसारखंच समजावतो. फक्त त्याआधी एक विचारतो. घरात साफसफाई कोण करतं? त्यांना बाहेर बोलवा, आधी त्यांच्याशी बोलतो. आणि व्हॉइस नोट पाठवणं बंद केलं आहे.